जावेच्या विहिरीतलं कासव

ये गं बाय, अशी जवळ बस. तिथे उंबऱ्यावर नको, इकडे माझ्या पाटाशेजारी. आणि मनातला राग आधी काढून टाक बघू. शिमग्याला आलीस तेव्हा मी तुझ्या हातातून खराटा हिसकावून घेतला, ते तुला लागलं. मला कळलं होतं. पण तू तरी काय कमी आहेस? नवी सून, पालखीपुरती आलेली, आणि सकाळी चहासुद्धा न घेता माझी वरची बाग झाडायला घेतलीस! कुणी सांगितलं होतं? आंब्याच्या कलमांखालचा सगळा पातेरा, ती वाळलेली पानं, ओढून कमरेएवढा ढीग केलास आणि वर मलाच विचारतेस, "काकी, काडेपेटी कुठे असते?" मी ओरडले. तू लाल झालीस. मग निघेपर्यंत "हो काकी", "नाही काकी", एवढंच. मुंबईला पोचल्यावर एक फोन नाही. काकी म्हातारी झाली, ओरडली, म्हणून कोणी असं करतं का?

फोनवर मला नीट बोलता येत नाही. समोर माणूस दिसला नाही की माझी जीभ अडते. म्हणून लिहिते आहे. शाळा माझी चौथीत सुटली, पण विचारायची खोड काही सुटली नाही. लिहिते तेही बोलल्यासारखंच. शुद्धलेखन तुझं तू बघ.

तू साताऱ्याकडची. तुमच्याकडे काळी माती, कुदळ मारत जा, तळ लागत नाही. आमचं तसं नाही. आमच्या घरांच्या वर सडा आहे ना, जिथे तुम्ही दोघं फोटो काढायला गेला होतात, तो सगळा उघडा कातळ. तिथून उतार सुरू होतो. उतारावर माझी कलमं, मग माझं घर, त्याच्या खाली तुझ्या सासूचं घर आणि विहीर, विहिरीखाली भाताचे कुणगे आणि तळाला पऱ्या, म्हणजे ओढा. कलमांखाली माती किती, तर कुठे हातभर, कुठे नुसती वीतभर. त्याखाली जांभा. पावसाळ्यात चार महिने आभाळ फाटतं, आणि चैत्रात कळशी बुडत नाही. आलेलं पाणी जातं कुठे, असं मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "समुद्रात. आणखी कुठे जाणार?" मला ते काही पटलं नाही. इतक्या घाईनं समुद्रात जायची काय गरज?

तुझी सासू माझी धाकटी जाऊ. तिचा नवरा गेला, मुलगा मुंबईला नोकरीला लागला, आणि ती घर धरून राहिली. तिच्या विहिरीत एक कासव आहे, ते तू बघितलंस का? बहुतेक नाही, ते नव्या माणसाला लगेच दिसत नाही. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे माझ्याही, ते सोडलेलं. कासव असलं की विहिरीचं पाणी निवळ राहतं असं आमच्याकडे म्हणतात. दर वर्षी चैत्र अर्धा झाला की विहीर तळ गाठायची. कासव चिखलात उघडं पडायचं. मग ही विहिरीच्या पायऱ्या उतरायची, त्याला घमेल्यात घ्यायची, वर ओलं गोणपाट टाकायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं, आणि देवळाच्या तळीत नेऊन सोडायची. वाटभर त्याच्याशी बोलायची. "चल बाबा, तू तुझ्या माहेरी, मी माझ्या मुलाकडे." तळीवर कोणी भेटलं की विचारायचं, "काय काकू, निघालीस वाटतं?" कासव तळीत गेलं म्हणजे दुसऱ्या दिवशी हिच्या दाराला कुलूप, हे अख्ख्या वाडीला माहीत. मिरगाचा पाऊस लागला की परत यायची आणि पहिलं काम म्हणजे कासव घरी आणणं.

तुमच्या त्या दोन खोल्यांत ती कशी राहते, ते तूच बघितलंयस. तक्रार करणार नाही. पण घर दोन महिने बंद राहिलं की वाळवी लागते, कौलं सरकतात, तुळस मरते. आणि यंदा शिमग्याला तुझा नवरा ओट्यावर बसून काय म्हणाला ते तू ऐकलंस. "आई, दर वर्षीचं हे ये-जा बस झालं. या वेळी न्यायला येतो ते कायमचंच." तुझी सासू उठून आत गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी मागून गेले. तर मला म्हणाली, "ताई, एक वैशाख मला माझ्या घरात काढायला मिळाला असता. मग कुठेही नेऊ देत."

आता तू म्हणशील, या सगळ्याचा आणि माझ्या खराट्याचा काय संबंध? तेच तर सांगते आहे. मध्ये बोलू नकोस.

माझ्या घराच्या पलीकडे गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून एक बंद घर आहे. ती मंडळी बोरिवलीला असतात, गणपतीलाही येत नाहीत. त्यांच्या परसात फणस, काजू, आंबा, आणि वर्षानुवर्षं कोणी झाडलेलं नाही. आमच्याकडे न झाडलेलं परसू म्हणजे ओसाड घर, मेलेलं घर. तिकडे बघताना सुद्धा आम्ही बायका तोंड वाकडं करायचो. माझी एक कोंबडी होती, तपकिरी, भारी लबाड. अंडी घरी घालायचीच नाही. एकदा फाल्गुनात मी तिच्या पाळतीवर गेले आणि गडग्यावरून त्या ओसाड परसात उतरले. फणसाखाली पातेऱ्यात हात घातला, अंडं लागतं का बघायला.

हात गार पडला!

वर ऊन इतकं की पायात वहाण नसती तर उभं राहवलं नसतं. आणि पातेऱ्याखाली ओल. मी आणखी खाली हात घातला. खालची पानं काळी, भुसभुशीत, आणि त्यांना अळंब्यांसारखा वास. मूठभर माती उचलली तर तिच्यातून गांडूळ लोंबायला लागलं. फाल्गुनात! माझ्या बागेत गांडूळ फक्त पावसात दिसायचं. मी गडग्यावरून परत आले, माझ्या लख्ख झाडलेल्या कलमाखाली बोट घातलं तर नखात माती शिरेना. मधे फक्त एक गडगा. पाऊस तोच, कातळ तोच, ऊनही तेच. अंडं राहिलं बाजूला.

मग काय, मला झोप कुठली! घरात तेलाचा जुना पत्र्याचा डबा होता, त्याची दोन्ही तोंडं कापून घेतली. तो डबा माझ्या बागेत जमिनीत वायच ठोकून बसवला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. पाणी आपलं उभं. मी घरात गेले, चहा टाकला, प्यायले, कप विसळला, परत आले, तरी पाणी आहेच, वर एक मुंगी पोहतेय. मग तोच डबा उचलून नेला पलीकडे ओसाड परसात. पातेरा बाजूला केला, ठोकला, ओतलं. तांब्या खाली ठेवेपर्यंत पाणी गडप! मला वाटलं डबा गळतोय. पुन्हा ओतलं. पुन्हा गडप.

हे सगळं गडग्याच्या पलीकडून आमचे थोरले भावजी बघत होते. माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, वाडीत देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. तू त्यांच्या पाया पडलीस, ते मोठ्या मिशांचे.

"वहिनी," ते म्हणाले, "मातीला चहा पाजताय की काय?"

"पाणी पाजतेय भावजी. ही पिते, माझी पीत नाही."

"तुमची घरची आहे ना, लाजत असेल."

"हसा तुम्ही. पण सांगा, माझ्या बागेत पडलेला पाऊस जमिनीत शिरतच नसेल, तर खाली जावेच्या विहिरीत येणार कुठून?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "विहिरीला झरा असतो वहिनी. त्याचा तुमच्या पातेऱ्याशी काय संबंध?"

"मग झऱ्याला पाणी कोण देतं?"

"देव देतो."

"देव देतो ते आभाळातून. पुढे?"

भावजी म्हणाले, त्यांना बाजारात जायला उशीर होतोय.

त्या वर्षी मी बाग झाडायची बंद केली. बोलायला सोपं आहे, पण करून बघ. तू सकाळी उठून खराटा घेतलास, का? तर चांगल्या घरची सून म्हणून. आम्हाला सगळ्यांना तेच शिकवलं. माडाच्या हिरांचा खराटा, कंबर वाकवून, अंगणापासून गडग्यापर्यंत, आणि मग सगळ्याची आग करून त्या धुरात मोहर शेकायचा. माझ्या सासूबाई तर कलमाखाली दाणा पडला तरी दिसेल असं झाडून घ्यायच्या. अंगण मी आजही झाडते, सारवते, पालखी तिथेच येते. पण पालखी कलमांखाली येत नाही ना! तिथला पातेरा मी तसाच ठेवला. उलट वर रानमोडीचं तण कापून आणून पसरलं, पावसाच्या तोंडावर कुळीथ फेकला, आणि उतारावर जिथे जिथे पाणी पळत जायचं तिथे आडवे धोंडे लावले. मिरकरवाड्याची मासेवाली यायची, ती सुद्धा टोपली खाली ठेवून म्हणाली, "आजी, घरात कोण आजारी आहे काय? बाग अशी का पडली?"

आणि तुझी सासू! ती तर माझ्याशी भांडलीच. वारा सुटला की माझा पातेरा उडून तिच्या अंगणात आणि विहिरीत. ती खालून ओरडायची, "ताई, तुमचे हात मोडले असतील तर मी येऊन झाडते हो!"

"झाडू नको गो, तुझ्याच विहिरीसाठी करतेय."

"माझ्या विहिरीसाठी? विहिरीत पानं कुजवून? ते कासव शिंकतंय मेलं!"

भावजींची हरकत मात्र खरी होती. ते म्हणाले, "पातेरा आपण हौसेनं जाळत नाही वहिनी. सड्यावर वणवा लागला आणि तुमच्या बागेत हे एवढं वाळलेलं पडलेलं असलं, तर तुमच्या कलमांबरोबर आमची घरंही जातील." मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं. वरच्या गडग्याच्या कडेनं, सड्याच्या अंगाला, बैलगाडी जाईल एवढी पट्टी लख्ख झाडून ठेवायची. तिथे काडी दिसता कामा नये. म्हणजे खराटा मी टाकला नाही बरं, त्याला वरच्या गडग्यावर पाठवला.

एवढं झालं तरी भावजींचं समाधान होईना. म्हणाले, नवी रीत आहे, जागेच्या राखणदार देवाला सांगितल्याशिवाय नको. नारळ घेतला, कलमांमध्ये उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, आज हयसर आमची वहिनी जो काय पातेरा साठवतेय, तिची जर का बुद्धी फिरली असेल, तर ती जाग्यावर आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज तुझ्या सासूचा.

"आणि फिरली नसेल, तर तिच्या कलमांची राखण कर, खालच्या विहिरीत पाणी राहू दे, आणि त्या कासवाला उन्हातली वारी चुकव रे म्हाराजा!"

यावर तिचा आवाजच आला नाही. बघितलं तर पदर तोंडाला लावून उभी.

पहिल्या पावसाळ्यात मी एक चूक केली. पातेरा खोडाला अगदी चिकटवून रचला, झाडाला ऊब मिळेल म्हणून. झाडाला कसली ऊब हवी, कोकणात? भादव्यात बघते तर दोन कलमांच्या साली मऊ पडलेल्या आणि वाळवीनं मातीचे बोगदे वर चढवलेले. भावजी नुसते मिशीत हसले. मग खोडाभोवती हातभर जागा मोकळी केली, साली खरवडून चुना आणि मोरचूद लावलं. एक कलम वाचलं. दुसऱ्याची एक फांदी गेली, ती तू सरपणात बघितलीस.

पण त्याच पावसाळ्यात मला एक मजा दिसली. मुसळधार लागली होती, मी इरलं घेऊन बाहेर पडले. काचेच्या दोन बरण्या होत्या, लोणच्याच्या. एक भावजींच्या झाडलेल्या बागेतून येणाऱ्या ओहोळाखाली धरली, एक माझ्या बागेच्या तोंडाशी. त्यांची बरणी लाल, विटकरीसारखी. ठेवून दिली तर तळाला बोटभर माती बसली. माझी? कोऱ्या चहासारखी. आणि भरायला किती वेळ लागला म्हणतेस! पाणी माझ्या बागेतून पळतच नव्हतं, रेंगाळत होतं. भावजींची बरणी मी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ते म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "तुमची जमीन. परत आणून दिली."

तुला वाटेल, मग त्या उन्हाळ्यात विहीर तुडुंब राहिली. छे! कासव वेळेवर तळीत गेलं. तुझी सासू घमेलं डोक्यावर घेऊन माझ्या दारासमोरून मुद्दाम सावकाश गेली आणि घमेल्याकडे तोंड करून म्हणाली, "बघ बाबा, मोठ्या काकूनं तुझ्यासाठी किती पातेरा जमवलान!" मी दार लोटून घेतलं. रडले सुद्धा, आता सांगायला काय. पण डबा ठोकून बघायची माझी सवय चालूच होती. पुढच्या फाल्गुनात तांब्याभर पाणी ओतलं, चहा टाकला, तर आधण यायच्या आत पाणी आत! म्हटलं, काहीतरी हलतंय. त्या वर्षी कासव जरा उशिरा गेलं. किती उशिरा ते मोजलं नाही, पण तळीवरच्या बायकांनी मला विचारलं होतं, "काय गो, काकू आजारी आहे काय? अजून कासव आलं नाय?"

मग यंदाचा शिमगा. तू आलीस, झाडलंस, ओरडा खाल्लास, गेलीस. तू गेल्यावर जे झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. तुझी सासू फोनवर "सगळं बरं आहे" याच्यापलीकडे बोलत नाही.

चैत्रातली दुपार. जेवून जरा पाठ टेकली होती, तर धुराचा वास. बाहेर आले, सड्यावरचं गवत पेटलेलं आणि वारा आमच्याकडे. कोणाची विडी की काय, देव जाणे. भावजी ओरडत आले. आम्ही ऐनाच्या झाडाचे ओले टाळ, पानांच्या डहाळ्या, तोडले आणि वर धावलो. मी धावले म्हणजे काय, तू समजून घे. जाळ गवतातून सरसरत आला आणि गडग्याच्या अलीकडे, त्या झाडलेल्या पट्टीपाशी, त्याला खायला काही मिळेना. तिथे तो खाली बसला. पण ठिणग्या! वाऱ्याबरोबर त्या पट्टी ओलांडून माझ्या पातेऱ्यात पडायला लागल्या. एक विझवावी तर दुसरीकडे धूर.

तेवढ्यात खालून हाक आली. "ताई, गोणपाटं आणा!"

तुझी सासू विहिरीवर उभी. मोटार लावायची तर लाईट गेलेली. तिकडे पोफळीच्या वीजघरात रात्रंदिवस वीज तयार होते म्हणतात, ती आमच्या वेळेलाच कुठे जाते कोण जाणे. तिनं हातानं पाणी काढायला सुरुवात केली. कळशीमागून कळशी. गोणपाटं भिजवायची, आम्ही ती पातेऱ्यावर आपटायची, परत खाली द्यायची. ती एकदाही थांबली नाही. जी बाई मला हात मोडले म्हणायची, तिनं माझा पातेरा वाचवायला तिच्या विहिरीतलं चैत्रातलं पाणी ओतलं. मी वरून ओरडले, "पुरे गो, तुला ठेव!" ती म्हणाली, "गप बसा, आणि ते तिकडे पेटलंय ते बघा!"

विझलं सगळं. दोन कलमांची पानं होरपळली, बाकी वाचलं. आम्ही काळ्या तोंडानं खाली आलो तर ती विहिरीच्या काठावर बसली होती. मी आत वाकून बघितलं. तळ. ओल्या गाळावर कासव उघडं पडलेलं, मान आत ओढून.

"संपलं," ती म्हणाली. "उद्या सकाळी घमेलं काढते. मुलाला कळवायला हवं."

यंदाचं जाणं कायमचं, हे दोघींनाही माहीत होतं. पेजेची वाटी नेऊन दिली, तिनं घेतली नाही.

सकाळी मी चुंबळ घेऊन गेले. म्हटलं, या वेळी घमेलं मी डोक्यावर घेते, तळीपर्यंत तरी सोबत जाते. ती पायऱ्या उतरायला लागली आणि मधल्याच पायरीवर थांबली.

"ताई, कासव नाय."

"नाय म्हणजे? जाईल कुठे?"

"दिसत नाय म्हणते ना!"

मी पण उतरले, गुडघे धरत. खाली काळं पाणी होतं. आदल्या दिवशी जिथे गाळ होता तिथे पाणी, स्थिर. आणि भिंतीला, माझ्या बागेच्या अंगाला, दगडांच्या सांध्यातून बारीक धार. आवाजसुद्धा येत होता. आम्ही दोघी बघत बसलो. थोड्या वेळानं पाण्यात गोल उठला, आणि कासवानं नाक वर काढलं, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेलं.

तुझ्या सासूनं मग पदरानं डोळे पुसलेन आणि माझ्यावरच डाफरली, "मेलं, घमेलं उगाच घासलं मी!"

आता मी काही छातीवर हात ठेवून सांगत नाही. भावजी म्हणतात, गेल्या वर्षी पाऊस लांबला होता म्हणून झरा टिकला. असेल. मी नाही म्हणत नाही. त्यांची बाग झाडलेली होती आणि तिच्याखालच्या त्यांच्या विहिरीचं पाणी गेलं, हे मी त्यांना म्हटलं नाही. पण परवा बघते तर ते गडग्याआड वाकून काहीतरी करत होते. माझा तेलाचा डबा ओट्यावरून गायब होता! मी हाक मारली, "भावजी, कोणाला चहा पाजताय?" तर म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा." यंदा त्यांनी पातेरा जाळला नाही, एवढं मात्र खरं. त्यांच्या बागेत काय होतं ते बघायची मला फार उत्सुकता आहे. त्यांची जमीन जास्त उताराची, तिथे धोंडे कसे लावायचे याचा मी रोज विचार करते.

आज वैशाख लागला. तुझ्या सासूच्या दाराला कुलूप नाही. सकाळी तुळशीला पाणी घातलंन. विहिरीत कळशी बुडते, पूर्ण नाही, आडवी करून, पण बुडते. मोटार ती लावत नाही, जपून काढते. कदाचित महिना निघेल, कदाचित शेवटचे आठ दिवस मला माझ्याकडचं साठवलेलं पाणी द्यावं लागेल. ते मी देईन, तू काळजी करू नको. काल घमेलं घेऊन चढावर येताना दिसली, मला वाटलं झालं, कासव निघालं. बघते तर घमेल्यात तिच्या अंगणातला पातेरा. माझ्या कलमाखाली ओतलान आणि म्हणाली, "तुमचाच आहे, उडून आलेला. ठेवा तुमच्याकडे."

तर बाय, नवऱ्याला सांग, आईचं तिकीट काढू नको, तुमची दोघांची काढा. आंबे उतरायला लागलेत. तुझ्या सासूनं फणस राखून ठेवलाय, तुला कापा आवडतो की बरका हे तिला कळेना, म्हणून दोन्ही. ये, विहिरीच्या मधल्या पायरीवर माझ्याबरोबर बस, आणि ती धार कानानं ऐक, म्हणजे नवऱ्याला काय सांगायचं ते तुझं तुलाच कळेल. कासव लगेच वर येणार नाही, वायच थांबावं लागेल, पण येतं. आणि झाडायची फारच हौस असेल तर वरच्या गडग्याची पट्टी तुझ्यासाठी ठेवली आहे, खराटाही तिथेच टेकवलाय. पण मिरग लागायच्या आत ये. लवकर ये.